मागल्या ब्रेकाचं रबर

कोळवणच्या शाळेत रुजू झाले तेव्हा मी बावीस वर्षांची होते. एसटी दिवसातून एकदाच यायची, म्हणून येताना तिच्या टपावर माझी लेडीज सायकल टाकून आणली होती. गावात दुसरी सायकल नव्हती. सातवीनंतर शिकायचं तर पौड गाठावं लागे. मुलगे पायपीट करत. मुलींची शाळाच सुटे. म्हणून मी वरच्या वर्गाला सायकल शिकवायचं ठरवलं, मुलींनासुद्धा.

भातं झोडून झाली की शाळेमागचं खळं मोकळं असे. तिथे शनिवारी सायकल उलटी करून ठेवायची आणि एकेक भाग हाताने दाखवायचा: चेन, आरे, पायडल, ब्रेकच्या सळया, त्यांच्या टोकाची रबरं. मग नियम. बसण्याआधी हवा बघायची, चेन बघायची, दोन्ही ब्रेक दाबून बघायचे. ब्रेक लागत नसेल तर बसायचं नाही, मग सांगणारा कुणीही असो.

सातवीतली एक मुलगी यात सगळ्यांच्या पुढे होती. एकदा तिचे वडील बांधावर उभे राहून बघत होते. जाताना म्हणाले, "बाई, हिला नीट शिकवा. पौडला धाडावी म्हन्तोय."

जानेवारीत शाळा तपासायला साहेब आले. साहेब जीपमधून, त्यांचा शिपाई वर्दी द्यायला आधीच सायकलवरून. सायकलचा वर्ग ऐकून साहेब खूश झाले. त्यांच्या गळ्यात कॅमेरा होता. "दाखवा, फोटो काढू," म्हणाले.

मुलीने सगळे भाग न अडखळता सांगितले. आता ती चालवून दाखवेल, असं मी म्हटलं, तर साहेब हसले.

"मुलींनी भाग सांगावेत, मुलांनी चालवून दाखवावी. आणि ही बायकी सायकल नको. फोटोत बरी दिसत नाही."

शिपायाची सायकल आणली गेली. वर्गातल्या एका उंच मुलाला पुढे केलं. मुलीच्या हाताला सवय होती. तिने जाऊन दोन्ही ब्रेक दाबले, वाकून बघितलं.

"सायब, मागल्या ब्रेकाला रबर न्हाई."

"तुला विचारलं का? मागे हो."

"ती बरोबर सांगते आहे," मी म्हणाले. "मी एकदा बघते."

"बाई, दोन मिनिटांचं काम आहे. मला पुढे रिह्याच्या शाळेत जायचंय."

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हणायला हवं होतं. मी खाली बघितलं. तो सायकलवर बसला.

खळ्याला त्याने एक फेरी नीट मारली. मग साहेबांनी त्याला ओढ्याकडच्या उतारावरून यायला सांगितलं; तिथे उजेड चांगला होता. उतारावर वेग वाढला, त्याने दोन्ही ब्रेक आवळले. धरला फक्त पुढचा. मागचं चाक उचललं गेलं आणि पोरगा हँडलवरून दगडी बांधावर पडला. मनगटाजवळ हात वाकडा झालेला लांबूनही दिसत होता.

साहेब म्हणाले, "गावात हाडं बसवणारा कुणी असेल, त्याला बोलवा." आणि जीपकडे वळले.

त्या दिवशी मी एवढी एकच गोष्ट धड केली. मुलाला उचलून जीपमध्ये बसवलं, शेजारी मी बसले आणि ड्रायव्हरला पौडच्या दवाखान्यात चल म्हटलं. साहेबांनी "हे काय चाललंय" असं विचारलं. शेवटी तेही पुढे चढून बसले. पौड येईपर्यंत मुलाचा हात माझ्या पदरात होता आणि साहेब घड्याळ बघत होते.

हात जोडला गेला, पण थोडा वाकडा राहिला.

आठवड्याने शेरेबुकात साहेबांचा शेरा आला: शिक्षिकेने मुलांना सुरक्षिततेचे नियम शिकवलेले नाहीत, उपक्रम बंद करावा. वाचून माझे कान तापले. ज्या एका मुलीने नियम पाळला तिला यांनीच गप्प केलं होतं. मी खुलासा लिहिला आणि त्यात तिचं वाक्य ती बोलली तसंच घातलं, 'न्हाई'सकट. हेडमास्तर म्हणाले, "एवढं वाक्य काढा. प्रकरण मिटेल." मी काढलं नाही. खुलाशाला उत्तर आलं नाही. जूनमध्ये भुकूमला बदलीचा हुकूम आला.

जाण्याआधी मी मुलीच्या घरी गेले. तिचं नाव पौडच्या शाळेत घातलेलं नव्हतं.

"पोराचा हात वाकडा झाला तरी चालतंय," तिचे वडील म्हणाले. "पोरीचा झाला तर लगीन कोन करंल?"

"ती सायकलवर बसलीच नव्हती," मी म्हणाले. "तिने ब्रेकला रबर नाही म्हणून आधीच सांगितलं होतं."

"व्हय. पन ऐकलं कुनी?"

मुलगी दारात उभी होती. तिने विचारलं, "बाई, मी चुकीचं बोल्ले व्हते का?"

"तू बरोबर होतीस. साहेब चुकले. आणि मी तिथे असून मुलाला बसू दिलं, ती माझी चूक."

हे मी तिच्या वडिलांसमोरच म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं, मला चहा दिला, एसटीपर्यंत सामान पोचवलं. मुलीला पौडला पाठवलं नाही. त्या साहेबांना पुढे बढती मिळाल्याचं कळलं, तेव्हा भुकूमच्या शाळेत शिकवता शिकवता मी हातातला खडू मोडून टाकला होता. वर्गातली मुलं घाबरून माझ्याकडे बघत राहिली.