‘तिला’ म्हणता म्हणता ‘मला’

चाकणजवळच्या कुरुळीतल्या आमच्या शाळेत शुक्रवारचा शेवटचा तास अवांतर वाचनाचा असतो. आठवीला मी मराठी शिकवते. त्या दिवशी एका संग्रहातली गोष्ट मी वाचून दाखवली. गोष्टीतल्या मुलीला वर्गातला एक मुलगा आवडायला लागतो. तो दिसला की ती खुलते, उगाच गुणगुणते, आणि शेवटी तो तिच्याकडे बघून हसतो. मुलं खुसुखुसू हसत ऐकत होती.

“कशी वाटली?” मी विचारलं.

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी ती फार बोलत नसे. तिचं कुटुंब बीडकडून इकडे आलेलं, वडील चाकणच्या एका कंपनीत कामाला.

“खोटी वाटली, मॅडम,” ती म्हणाली. “तिला एवढं छान कसं वाटेल? भीती वाटणार ना. तो नुसता फळ्याजवळ गेला तरी तिला वाटणार, आता सगळ्यांना कळलं. डबासुद्धा जात नाही मला.”

‘मला’ म्हटलं आणि ती थांबली. मग मुलांच्या रांगेतून कुणीतरी लांबलचक “ओऽऽ” केलं आणि बऱ्याच माना एकाच बाकाकडे वळल्या. मी मुद्दाम तिकडे पाहिलं नाही.

“बरोबर आहे तुझं,” मी शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाले. “लेखकानं ही भीती लिहायला हवी होती. बस.”

घंटा झाली तशी दप्तराची चेनही न लावता ती सगळ्यांच्या आधी बाहेर पडली.

सोमवारी ती आली नाही. मंगळवारीही नाही. तिच्या शेजारच्या खोलीत राहणारी मुलगी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “मॅडम, तिच्या घरी कळलंय. गावी आजीकडे पाठवणार म्हणतात.”

अशा गेलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. आधी दाखला नेतात, मग वर्षा-दोन वर्षांनी लग्नाची बातमी येते. मी तिच्या वडिलांना फोन लावत राहिले. त्यांनी उचलला नाही.

बुधवारी दुपारी पहिली शिफ्ट सुटल्यावर ते स्वतःच शाळेत आले. अंगात कंपनीचा गणवेश तसाच. शिक्षकांच्या खोलीत मी एकटीच होते. खुर्ची दिली तरी ते बसले नाहीत.

“त्या पोराचं नाव सांगा.”

“मला माहीत नाही.”

“साऱ्या वर्गाला ठाऊक हाय अन् तुम्हाला नाय?”

“तिनं कुणाचं नाव घेतलं नाही. मी गोष्टीबद्दल विचारलं, ती गोष्टीबद्दल बोलली.”

“कोणती गोष्ट? दाखवा.”

मी पुस्तक उघडून दिलं. ते बसले आणि ओळीखाली बोट ठेवून वाचू लागले. कुठल्या वाक्यावर भडका उडेल याचा मी मनात अंदाज घेत होते. पुढच्या तासाची घंटा झाली, पण माझा पाय निघेना. मध्येच त्यांनी एक पान मागे उलटलं आणि पुन्हा वाचलं. मग पुस्तक मिटलं.

“ह्याच्यात हिचा बाप कुठं हाय?”

मला कळलं नाही.

“आई एकदा डबा देती. बाप कुठंच नाय. एवढं समदं झालं अन् घरी कुणालाच कळलं नाय. असं असतंय व्हय?”

“नसतं,” मी म्हणाले. “तुमची मुलगीही हेच म्हणाली. गोष्ट खोटी आहे म्हणाली.”

ते गळ्यातलं ओळखपत्र उलटंपालटं करू लागले.

“हात नाय उगारला मी तिच्यावर,” ते म्हणाले. “पण कळल्यापासून बोललोबी नाय. लेकरू समोर आलं की काय बोलावं कळंना झालंय. तुम्हीच सांगा, बापानं काय बोलायचं असतंय?”

मी कायदा, शिक्षण, वय, सगळे मुद्दे तयार ठेवले होते. त्यातला एकही इथे उपयोगाचा नव्हता.

“तो कोण, हे विचारू नका,” मी म्हणाले. “तिनं काही केलेलं नाही. आधी दुसरंच काहीतरी बोला. काहीही. आणि तिला शाळेत पाठवा.”

“बघतो,” म्हणून ते उठले. हो म्हणाले नाहीत.

गुरुवारी तिची जागा रिकामीच राहिली. शुक्रवारी हजेरी घेताना माझं लक्ष दाराकडे होतं. निम्मी हजेरी झाल्यावर ती दारात उभी राहिली. खाली फाटकाजवळ तिच्या वडिलांची मोटारसायकल वळत होती. कुणाकडेही न बघता ती पहिल्या बाकावर येऊन बसली. मागे कुजबुज सुरू झाली. मी फळ्यावर ‘मी’, ‘ती’ अशी सर्वनामं लिहून ठेवली होती, ती पुसून समास घेतला.

कुजबुज पुढे बरेच दिवस चालली. दोनदा मला रागवावं लागलं. तिनं मात्र वर्गात हात वर करणं सोडूनच दिलं.

सहामाही परीक्षेच्या सुमारास एकदा तिनं मला जिन्यात गाठलं.

“मॅडम, पप्पांना तुम्ही काय सांगितलं होतं?”

“का गं?”

“जेवायला बसलं की कंपनीतल्या नव्या मशीनबद्दलच सांगत राहतात. कुठलं बटण दाबलं की काय होतं, कशानं बंद पडतं. मला त्यातलं काही कळत नाही.”

“मग तू काय करतेस?”

“ऐकते,” ती म्हणाली. “मध्ये मध्ये विचारते पण.”