बंबात गेलेली म्हैस

माझ्या पहिल्या चित्रपुस्तकाची नायिका एक म्हैस होती. म्हैसच का, असं पुढे लोक विचारत, तेव्हा मी ग्रामीण जीवन, बालमन वगैरे काहीतरी सांगून वेळ मारून नेत असे. खरं कारण एवढंच, की पुस्तक दोन रंगांत छापायचं होतं, त्यातला एक काळा होता आणि काळ्या शाईत म्हशीइतकं सहज बसणारं दुसरं जनावर मला सुचलं नाही. दुसरा रंग लाल. तोही मी निवडलेला नव्हता. माझा प्रकाशक म्हणजे नाशिकातल्या द्वारका चौकाजवळचा एक स्टेशनरीवाला शेठ. पाट्या, वह्या आणि लग्नपत्रिका हा त्याचा धंदा, आणि दुकानामागच्या खोलीत छपाईचं एक यंत्र. लग्नसराई चालू असल्याने यंत्रावर पत्रिकांची लाल शाई चढलेली होती आणि ती धुऊन दुसरी चढवायला त्याचा मशीनमन राजी नव्हता. म्हणून माझ्या पुस्तकात आभाळ लाल, रस्ता लाल आणि झाडंसुद्धा लाल. झाडांचं मला वाईट वाटलं, पण मी नवीन होतो आणि नवीन माणसाने झाडांवरून भांडायचं नसतं.

गोष्ट साधी होती. बाजारात विकायला नेलेली म्हैस दावं तोडते आणि एकटीच चालत घरी परत येते. शेवटच्या पानावर घरची बाई दारात उभी असते. संपलं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी नांदगावच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर होतो आणि शनिवारी रेल्वेने नाशिकरोडला घरी यायचो. विहारामागच्या वसाहतीत आमच्या दोन खोल्या. घरात बाबा आणि मी, दोघंच. आई मी कॉलेजात असताना गेली. बाबा नोटांच्या छापखान्यात होते. त्यांचं काम एकच : छापलेले ताव बघायचे आणि खराब ताव बाजूला काढायचा. दिवसभर हेच केल्यामुळे त्यांना घरीही दुसऱ्या तऱ्हेने बघता येत नसे. वर्तमानपत्र आलं की ते आधी खिडकीपाशी तिरकं धरत आणि मग वाचत. कॅलेंडरवरच्या बाईच्या ओठांचा रंग हनुवटीवर उतरलाय म्हणून त्यांनी ते कॅलेंडर वर्षभर भिंतीकडे तोंड करून टांगलं होतं. तारखा बघायला आम्ही शेजारी जायचो.

माझं चित्र त्यांनी एकदा बघावं, असं मला फार वाटायचं. त्यांना ते आवडावं एवढी हाव नव्हती. नुसतं बघावं. शाळेत बक्षीस मिळालेलं चित्र मी त्यांना दाखवलं होतं, तेव्हा त्यांनी ते उजेडाकडे धरून सांगितलं, "कडा साफ हायेत." चित्रात काय होतं ते त्यांनी विचारलं नाही. मी चित्रकलेचा मास्तर झालो तेव्हाही ते काही बोलले नाहीत. छापखान्यात चिकटला असता तर बरं झालं असतं, हे त्यांच्या न बोलण्यात स्पष्ट ऐकू यायचं.

पुस्तक छापून झालं आणि शेठचा बाइंडर घरच्या लग्नाला गावी निघून गेला. तेव्हा असं ठरलं, की ताव मी घरी न्यायचे आणि घड्या घालून, पिना मारून परत द्यायचे. एका तावाचं एक पुस्तक. टांग्यात घालून मी सगळे गठ्ठे घरी आणले, कॉटवर रचले, "बाबा, ओल लागू देऊ नका," एवढं सांगितलं आणि सोमवारी परीक्षेचे पेपर तपासायला नांदगावला गेलो.

शनिवारी आलो तर बाबा अंघोळ करून प्रसन्न बसले होते. कॉटवर एकच लहानसा गठ्ठा होता. त्याच्यावर धुतलेला टॉवेल पांघरलेला.

"बाकीचे कुठंयत?" मी विचारलं.

"रद्द केले."

"रद्द म्हणजे?"

"जाळले. बंबात घातले."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण बाबांनी आयुष्यात चेष्टा केलेली नव्हती. त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. लाल रंग काळ्याच्या बाहेर सरकला होता. म्हशीच्या पाठीवर लाल रेघ दिसत होती. एक-एक ताव बघून त्यांनी चांगला माल वेगळा काढला होता. खराब माल मागे ठेवायचा नसतो, तो कुणाच्या हाती लागू शकतो. आणि जाळताना साक्षीदार लागतो, म्हणून शेजारच्या काकांना पाटावर बसवलं होतं. तेही छापखान्यातलेच, त्यामुळे त्यांना यात काही वावगं वाटलं नव्हतं. आठवडाभर दोन्ही घरांच्या अंघोळी माझ्या पुस्तकावर झाल्या होत्या.

मी रडलो. चांगला मिशा फुटलेला मास्तर, मोरीच्या उंबऱ्यावर बसून रडलो. मग ओरडलो, "बाबा, त्या नोटा नव्हत्या!"

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "पण तुझं नाव हाय त्याच्यावर."

त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला होता. पुस्तक गेलं, शेठ आता मला दारात उभं करणार नाही, आणि ज्या एका माणसाने ते बघावं असं वाटत होतं त्याने त्यात फक्त रेघा बघितल्या, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

दुसऱ्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, चांगल्यातला एक ताव घेऊन माझ्याबरोबर दुकानात आले. सगळं त्यांनीच सांगितलं. ऐकता ऐकता शेठच्या बशीतला चहा निवला.

"अहो, पोरं फाडणारच आहेत ही पुस्तकं," शेठ शेवटी म्हणाला. "त्यांना लाल रेघ काय कळते?"

"फाडू द्या की," बाबा म्हणाले. "फाडायला तरी चांगला माल द्या."

मग त्यांनी सांगितलं, कागद मी आणतो, रजा टाकतो, यंत्रापाशी उभा राहतो, आणि रंग सरकला की मशीन थांबवायचं. शेठने मशीनमनकडे बघितलं. मशीनमनने छताकडे बघितलं. बऱ्याच वेळाने शेठ हो म्हणाला, बहुधा बाबा उठून जाईनात म्हणून.

"पण पुन्हा छापायचंच आहे, तर मास्तर, ती शेवटच्या पानावरची चूक काढून टाका," तो मला म्हणाला. "त्या बाईचा एक हात केवढा मोठा काढलाय! डावा बघा आणि उजवा बघा. ब्लॉक नवा करून घेऊ."

मी मान हलवणार होतो. त्या दिवशी मला कुणी म्हशीच्या जागी शेळी काढ म्हटलं असतं, तरी मी काढली असती.

बाबांनी ताव ओढून घेतला. उजेडाकडे धरला नाही. काउंटरवर सपाट ठेवला आणि त्या बाईवर बोट ठेवलं.

"ही चूक नाय."

"अहो काका, दोन्ही हात बघा की."

"बघितलेत. समद्या तावांवर बघितलेत. उजवा असाच होता तिचा. इंचूरला खळ्यावर कांदा निवडायला जायची, तवा बैलगाडीचं चाक गेलं हातावरनं. सूज काय उतरली नाय. मरेपतुर तसाच होता."

ती बाई कोण आहे, हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. बाबांनाही नाही.

बाबांनी ताव त्याच्याकडे सरकवला.

"पोरानं बरोबर काढलाय," ते म्हणाले. "छापा."