उल्लेखाचं श्रीखंड

आमच्या भावजींइतका पुरावा मागणारा माणूस अख्ख्या पुण्यात नसेल, आणि पुण्यात नसेल म्हणजे कुठेच नसेल. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान, कॅन्सरवर संशोधन करण्यात त्यांचा जन्म गेला. मंडईत भाजीवाली म्हणाली, "मेथी ताजी हाय, काका," की हे विचारणार, "कशावरून?" ताईच्या आमटीवरही अभिप्राय ठरलेला, "स्वीकारार्ह, किरकोळ दुरुस्त्यांसह." माझ्या मुलीच्या लग्नपत्रिकेत कुणाचं नाव आधी, यावरून व्याह्यांशी वाजायची वेळ आली तेव्हा यांनी तोडगा काढला, "आमच्या शोधनिबंधात राबणाऱ्याचं नाव पहिलं आणि पैसे आणणाऱ्याचं शेवटी. तसंच करा." त्या न्यायाने माझं नाव सगळ्यांत वर आलं असतं. मला पटलं होतं, पण विचारतंय कोण!

त्यांचे निबंध पुष्कळ, पण जग त्यांना ओळखायचं ते एकाच निबंधामुळे. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी एका द्रव्याने मरतात, असं त्यात दाखवलं होतं. जगात कुठेही कुणी आपल्या लेखनात त्याचा उल्लेख केला, की भावजी कात्रजहून श्रीखंडाचा डबा घेऊन यायचे. उल्लेख इतके झाले की आमच्याही घरातली कडधान्यं आजवर त्या रिकाम्या डब्यांत आहेत. भावजींना मधुमेह, म्हणून ताई त्यांना एकच चमचा वाढायची आणि म्हणायची, "जगाने दखल घेतली ना? मग तुम्ही श्रीखंड जरा कमी घ्या."

या प्रयोगशाळांत एक रीत आहे. शेजारणीकडून विरजण आणावं, तशा ही मंडळी एकमेकांकडून पेशी मागून आणतात आणि वर्षानुवर्षं वाढवत राहतात. भावजींनीही तशाच आणल्या होत्या, बाटलीवरच्या नावावर विश्वास ठेवून. मेथीचा पुरावा मागणाऱ्या माणसाने तेवढा एक पुरावा मागितला नाही! पुढे पेशींची ओळख पटवणारी नवी तपासणी आली, तेव्हा त्यांनी आपणहून जुन्या साठ्यातली बाटली तपासली. पेशी स्तनाच्या नव्हत्याच. कधीकाळी दुसऱ्याच कुठल्या कॅन्सरच्या पेशी तिच्यात शिरल्या होत्या आणि मूळच्यांना हुसकावून बसल्या होत्या.

नेमका तेव्हाच त्यांचा मोठा गौरव समारंभ ठरला होता. तपासणीचा निकाल आला त्या दिवशी मी ताईकडेच जेवायला होते. पानावर बसल्या बसल्या भावजी म्हणाले, "मी तो निबंध मागे घेतोय."

"अहो, कुणी विचारलंय का तुम्हांला?" ताई म्हणाली.

"नाही."

"मग कशाला उकरून काढताय? सगळी अब्रू जाईल."

"त्याच्यावर विसंबून कुणीतरी औषध करायला बसलं असेल गं. त्याची वर्षं फुकट जातील. त्याची गेली तर गेली, पण पेशंटकडे कुठे असतात वर्षं?" मला तर बाई रडूच आलं.

निबंध गेला आणि पाठोपाठ समारंभही गेला. "चला, एक शाल कपाटात ठेवायची वाचली," असं ताई म्हणाली खरी, पण तिचेही डोळे सुजलेले होते. एरवी दिवसातून दहादा वाजणारा भावजींचा फोन गप्प झाला. गंमत अशी की 'मागे घेतला' असा शिक्का बसूनही लोक न बघता त्या निबंधाचा उल्लेख करतच राहिले. आता निवृत्त झालेले भावजी रोज सकाळी चहा घेऊन संगणकापुढे बसतात, अशी माणसं शोधून काढतात आणि प्रत्येकाला लिहितात, "कृपया माझ्यावर विश्वास ठेवू नका. आधी आपल्या पेशी तपासा." बहुतेक जण उत्तरही देत नाहीत. श्रीखंड तर बंदच झालं होतं.

परवा मी ताईकडे गेले होते. दार वाजलं, बघते तर भावजी दारात, धापा टाकत, हातात डबा.

"आता कुणी केला उल्लेख?" ताईने विचारलं.

"केला नाही, काढून टाकला," भावजी म्हणाले. "परदेशातल्या एक बाई आहेत. माझं पत्र वाचून त्यांनी पेशी तपासल्या, तर त्यांच्याही चुकीच्याच निघाल्या. काम थांबवलं त्यांनी. आता योग्य पेशी घेऊन पहिल्यापासून सुरू करणार आहेत."

ताईने मोठी वाटी घेतली, श्रीखंडाने काठोकाठ भरली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

"अगं, साखर वाढेल," भावजी हळूच म्हणाले.

"वाढू दे. आज खा हो," ताई म्हणाली.