पहिली खेळी

आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये रविवारी सकाळी बुद्धिबळ चालतं. निवृत्तीनंतर मी पहिल्यांदाच तिथे खेळायला बसले. समोर तळमजल्यावरचे जोशी होते, पांढरी मोहरी माझी. मी उंटासमोरचं प्यादं पुढे सरकवलं, तोच बाजूला उभ्या असलेल्या कुलकर्णींनी ते मागे ठेवलं आणि राजासमोरचं प्यादं पुढे केलं.

"वहिनी, सुरुवात अशी करतात."

जोशी हसले आणि खुशाल आपली खेळी करायला गेले. माझं डोकं सणकलं. हरायला माझी ना नव्हती, पण चूक तरी माझ्या हाताने होऊ द्या! शाळेनंतर काय शिकायचं, कुठली नोकरी धरायची, प्रत्येक सुरुवात कुणीतरी अशीच मायेने करून दिली. पुढचं सगळं निस्तरायला मात्र मी एकटी.

मी जोशींचा हात अडवला, राजासमोरचं प्यादं मागे घेतलं आणि माझं प्यादं पुन्हा पुढे ठेवलं.

"कुलकर्णी, माझ्या मोहऱ्यांना हात लावायचा नाही."

आवाज चढलाच. कॅरम खेळणारे थांबून बघू लागले.

"चांगलं सांगायला गेलो तर..." कुलकर्णी पुटपुटले आणि निघून गेले.

थोड्याच वेळात मी हरले. जोशी समजूत काढणार, एवढ्यात मी म्हटलं, "मांडा पुन्हा."

राग अजून उतरला नव्हता, आणि मला तो उतरायला नकोच होता.