सगळ्यांनी मिळून बघण्यासारखी

माझ्या शिक्षणाचं सगळं श्रेय सुमनआत्याचं. शाळेत पोरांची खिचडी शिजवून तिनं मला पदवीपर्यंत नेलं. तिच्या घरी नवी मालिका सुरू करण्याआधी मला फोन येतो. "तू शिकलेला. आधी तू बघ, मग आम्ही पोरांना घेऊन बसतो."

या वेळी हेराची मालिका होती. मारामारी बेताची, शिव्या नाहीत. आठव्या भागात तो वेष बदलून आपल्याच गावच्या बाजारातून जातो. आई ओळखते, हाक मारते. "कोण बाई आहे, माहीत नाही," असं सोबत्यांना सांगून तो पुढे जातो.

तो प्रसंग मी तीनदा पाहिला. रडू आलं नाही. आपलं माणूस नाकारायला एक साधं वाक्य पुरतं, एवढंच मनात येत राहिलं. मी कॉलेजात असताना एकदा वसतिगृहाच्या दारात आत्या लाडवांचा डबा घेऊन उभी होती. मित्रांनी विचारलं, "कोण रे?"

"गावाकडच्या आहेत, शेजारच्या."

तिनं ते ऐकलं. "तुमच्या आत्यानं दिलेत," म्हणत डबा माझ्या हातात दिला आणि ती गेली.

आता हे फोनवर बोलता येईना, म्हणून पत्र लिहिलं.

"ती. आत्यास सा. नमस्कार. मालिका पोरांसोबत खुशाल बघा. आठव्या भागात तो आईला ओळख देत नाही. त्याचा नाइलाज होता. माझा नव्हता."