पॅचमधला दुसरा हात

नांदेडच्या एका तंत्रनिकेतनात लुंबिनी गजभारे संगणक शिकवते. पोरं तिला माघारी फौजदारीण म्हणतात. दोघांनी एकमेकांचं बघून प्रोग्राम लिहिला, नावं बदलली, ओळी खालीवर केल्या, तरी तिच्या ध्यानात येतंच. कसं म्हणून विचारलं तर म्हणते, "प्रत्येकाचा हात वेगळा असतो. कंस कुठं मिटवतो, जागा कुठं सोडतो, त्यावरून माणूस कळतो."

कॉलेजातून आली की तिचं दुसरं काम सुरू होतं. जगभरातले प्रोग्रामर एक सॉफ्टवेअर वापरतात. काल प्रोग्राम कसा होता, आज कोणी काय बदललं, चुकलं तर मागं कसं जायचं, हे सगळं ते जपून ठेवतं. हे सॉफ्टवेअर कुण्या एका कंपनीचं नाही. देशोदेशीची माणसं मिळून ते चालवतात. सुधारणा कोणीही लिहावी आणि सगळ्यांना दिसेल अशा मेलवर पाठवावी; तिला पॅच म्हणतात. पण आलेला पॅच लगेच कोणी घेत नाही. आधी तो ओळ न ओळ वाचला जातो, शंका काढल्या जातात, परत पाठवला जातो. लुंबिनी त्या वाचणाऱ्यांपैकी एक.

"लोकाच्या चुका काढायचं काम, आन् तेबी फुकट," तिची माय नागुबाई म्हणते. "लगीन जमवायला आलेल्या पाव्हन्यालाबी आशीच उलटतपासनी करतीस तू."

आणि ते खरं आहे.

या सॉफ्टवेअरचे काही जुने भाग शेल-स्क्रिप्टमध्ये होते. म्हणजे संगणकाला द्यायचे हुकूम एकाखाली एक लिहिलेली साधी फाईल. लिहायला सोपी, पण चालायला संथ. म्हणून असे भाग एकेक करून सी भाषेत नव्यानं लिहायचं काम चाललं होतं. दिसायला हे काम सोपं वाटतं: जुनं समोर आहे, नवं तसंच वागलं पाहिजे. खरी मेख तिथंच असते. जुन्या स्क्रिप्टमध्ये एखादं अवतरणचिन्ह कोणीतरी कधीतरी ठेच लागल्यावर घातलेलं असतं, आणि का घातलं ते कुठंच लिहिलेलं नसतं.

गेल्या उन्हाळ्यात असाच एक पॅच आला. एका प्रकल्पाच्या पोटात दुसरा प्रकल्प ठेवलेला असला, तर आतला ताजा करून आणायचा, त्याची ही स्क्रिप्ट. पाठवणाऱ्याचं नाव टी. बिराजदार. बिराजदार म्हणजे आपल्या लातूरकडचं नाव, हे तिनं लगेच ओळखलं. हा कोणी पोरगा असणार असं मनाशी धरलं आणि वाचायला बसली.

पॅच कच्चा होता, पण प्रामाणिक होता. एक चूक सारखी दिसत होती. मध्येच काही बिघडलं की त्याचा प्रोग्राम तिथूनच परत फिरायचा, आणि संगणकाकडून घेतलेली मेमरी सोडायची राहून जायची. लुंबिनीनं तसं लिहून पाठवलं. बाकी काम तिला आवडलं होतं, पण ते मात्र लिहिलं नाही. नव्या माणसाला लवकर चढवू नये असं तिचं मत.

दुसऱ्या खेपेचा पॅच आला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. मेमरीच्या चुका गेल्या होत्या. पण आतला प्रकल्प आणायला दुसरा प्रोग्राम चालवायचा, तेवढा तुकडा पार बदलला होता. पहिल्या खेपेला त्या प्रोग्रामला एकेक गोष्ट सुटी सुटी दिलेली होती, जशी द्यायला पाहिजे तशी. आता सगळं जोडून एक लांब ओळ केली होती, आणि ती ओळ शेलच्या, म्हणजे असले हुकूम वाचून जसेच्या तसे पाळणाऱ्या प्रोग्रामच्या, हवाली केली होती. शेल काढून टाकायला निघालेल्या पॅचनंच शेलला मागच्या दारानं घरात घेतलं होतं. वर शेरा: "जुन्या स्क्रिप्टसारखंच वागावं म्हणून."

आणि त्या तुकड्यातला हात वेगळा होता. बाकी पॅचमध्ये नावं लांबलचक, भोळी. इथं आखूड आणि सराईत. इंग्रजीसुद्धा निराळं.

तिनं आपल्या संगणकावर करून बघितलं. आतल्या प्रकल्पाचं नाव ठेवताना त्यात एक अर्धविराम घातला (शेलला त्यापुढचं सगळं नवा हुकूम वाटतं) आणि पुढं एक छोटा हुकूम: अमुक नावाची रिकामी फाईल कर. मग आज्ञा चालवली. फाईल झाली. सगळ्या चाचण्या बिनतक्रार पास होत होत्या, कारण असलं नाव कोणी ठेवेल असं चाचण्या लिहिणाऱ्यांना वाटलंच नव्हतं. याचा अर्थ सरळ होता. उद्या कोणीही आपला प्रकल्प असं नाव ठेवून लोकांसमोर मांडला असता, तर तो उतरवून घेणाऱ्याच्या संगणकावर त्याला हवं ते करता आलं असतं.

ही चूक होती, की कोणी मुद्दाम ठेवली होती?

त्याच दिवसांत जे. हार्लन नावाचा कोणी माणूस मेलवर बोलायला लागला. पॅच चांगला आहे, चाचण्या पास आहेत, मग उशीर का? जुनी माणसं नव्यांना छळतात, म्हणूनच इथं कोणी टिकत नाही. भाषा गोड होती, पण लुंबिनीनं काही शंका काढली की त्याचं उत्तर हजर. याला एवढी घाई कशाची? बिराजदार आणि हार्लन एकच तर नाहीत?

तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "हा तुकडा तुम्हीच लिहिला का?"

उत्तर आलं, "हो. मीच."

खोटं. तिला खात्री होती. तिनं प्रकल्प सांभाळणाऱ्या मुख्य माणसांना वेगळं कळवलं. त्यांनी पॅच थांबवला आणि विचारलं, हा बिराजदार कोण, कुठला, काही कळेल का? लुंबिनीनं मग थेट मराठीत मेल लिहिला: मी नांदेडची. रविवारी लातूरला येतेय. भेटता का?

दोन दिवस काही नाही. मग एक ओळ आली: "औसा रोडला मावशीच्या घरी या." खाली पत्ता, आणि पहिल्यांदाच पूर्ण नाव. तनुजा बिराजदार.

पोरगा नव्हता तर. की हे नावही बनावट?

रविवारी सकाळी ती एसटीत बसली. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, चाकूर गेलं, पण तिचं डोकं त्याच ओळीत अडकलेलं. जाऊन विचारायचं तरी काय? समोरच्यानं पुन्हा "मीच" म्हटलं तर?

दार एका थोराड बाईनं उघडलं. सिद्धम्मा, तनुजाची मावशी, निलंग्याकडची. तिनं लुंबिनीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कोन्या क्लासच्या तुमी? पोरीला का हुडकून राहिलाव?"

"क्लासची नाही. तिच्या कामाबद्दल बोलायचंय."

"कूडरी, बसा. पन मी हितंच बसनार." आणि ती खरंच दाराशी पाट टाकून, गव्हाचं सूप घेऊन बसली.

तनुजा आतून आली. तेवीस-चोवीस वर्षांची. गाव किल्लारी, लातुरात एका शिकवणीच्या क्लासमधले संगणक सांभाळायची आणि उरलेल्या वेळात हे. लुंबिनीला बघून ती दचकली.

"मला वाटलं, तुमी लई म्हाताऱ्या आसताल."

लुंबिनी हसली नाही. तिनं लॅपटॉप उघडून तो तुकडा समोर धरला. "हे कोणी लिहिलंय?"

"मीच."

"मग सांग, इथं शेल कशाला?"

तनुजानं लॅपटॉप बाजूला सारला. मग मान वर करून म्हणाली, "तुमी मला काढून टाकाया आलाव ना? त्यानं सांगितलंच हुतं."

"कोणी?"

"हार्लननं. तो म्हनला, ती बाई नव्या मानसाला टिकू देत न्हाई. दुसऱ्यानं मदत केली म्हनून सांगितलंस तर पॅच फेकून देतील. मेमरीच्या चुका कशा नीट करायच्या ते त्यानंच दाखवलं. आन् म्हनला, ह्यो तुकडाबी बदल, मी लिहून देतो."

"त्याचे निरोप दाखव."

"न्हाईत. आमी ज्या ॲपवर बोलायचो, त्याच्यावर दुसऱ्या दिवशी आपोआप पुसून जातेत."

किती सोयीचं, लुंबिनीच्या मनात आलं. पुरावा नाही, साक्षीदार नाही, आहे ती एक गोष्ट, आणि ती सांगणारी पोरगी एकदा खोटं बोललेली. लुंबिनीनं लॅपटॉप तिच्याकडं सरकवला.

"तो तुकडा पुसलाय. माझ्यासमोर पुन्हा लिही."

बोलून झालं आणि तिचं तिलाच कसंतरी झालं. हेच वाक्य तिनं ऐकलं होतं. इंजिनिअरिंगच्या प्रात्यक्षिकाला बाहेरून आलेल्या परीक्षकानं तिचं आडनाव वाचलं होतं, मग प्रोग्राम बघितला होता, आणि विचारलं होतं, "कोणी लिहून दिला?" सगळ्या वर्गासमोर तिला उभ्यानं पुन्हा लिहायला लावला होता. तिनं लिहिला, चालवून दाखवला. परीक्षक "ठीक आहे" म्हणून पुढच्या टेबलाकडं गेला होता. त्या दिवशी ती घरी येऊन जेवली नव्हती.

पण शब्द परत घेता आले नाहीत. तनुजाचे कान लाल झाले होते. तिनं लॅपटॉप ओढला आणि लिहायला लागली. दाराशी सिद्धम्मा सुपातले गहू निवडायची थांबली होती.

तनुजानं एकेक गोष्ट सुटी सुटी दिली. नावं लांबलचक, भोळी. मग, मध्येच काही बिघडलं तर परत फिरायचं, तिथं ती आली आणि परत फिरायची ओळ लिहिली. मेमरी सोडायची विसरली. पहिल्या पॅचमध्ये जी चूक पानापानांवर होती, तीच, तशीच.

लुंबिनीच्या छातीवरचा दगड उतरला. सराईत माणसाला मुद्दाम अडाणी होता येतं, पण इतक्या सहज नाही, आणि एवढ्या रागात असताना तर नाहीच.

"आता हे बघ," ती म्हणाली, आणि हार्लनचा तुकडा परत घालून ते अर्धविरामाचं नाव देऊन चालवलं. तनुजाच्या डोळ्यांसमोर पडद्यावर एक रिकामी फाईल उगवली.

तनुजाला समजायला वेळ लागला नाही. "म्हंजी कुनाच्याबी मशीनमधी..."

"हाव."

"आन् नाव माजं." ती एकदम उठून उभी राहिली. "हे समदं माज्या नावावर गेलं आसतं!"

मग तनुजा लुंबिनीकडं वळली. "तुमचं झालं का तपासून? का आजून काय लिहून दाखवू?"

लुंबिनी म्हणाली, "मी तुला तसं लिहायला लावायला नको होतं. मला एकदा असंच लावलं होतं."

"मग तर तुमाला ठावं हुतं," तनुजा म्हणाली आणि आत निघून गेली.

सिद्धम्मानं सूप बाजूला ठेवलं. "मला तुमचं काई कळलं न्हाई बगा. पन पोरगी चोर न्हाई, येवढं झालं का न्हाई?"

"झालं, मावशी."

"मग भाकर खाऊन जावा." लुंबिनीनं खाल्ली. नाही म्हणायची हिंमत झाली नाही. तनुजा बाहेर आली नाही.

मंगळवारी तनुजाचा मेल आला, लुंबिनीला नाही, सगळ्यांना. त्यात तिनं लिहिलं होतं की तो तुकडा तिचा नव्हता, विचारल्यावर ती खोटं बोलली, कोणाच्या सांगण्यावरून, आणि त्यानं काय झालं असतं. सही पूर्ण नावानं. लुंबिनीनं त्याखाली तो अर्धविरामाचा प्रयोग जोडला आणि तो कायमचा चाचण्यांमध्ये घालावा असं सुचवलं. हार्लननं एकही उत्तर दिलं नाही. नंतर दुसऱ्या एका प्रकल्पातल्या लोकांनी कळवलं की हाच माणूस तिथंही एका नव्या पोराला मदत करत होता. तो कोण, कुठला, एकटा की कोणासाठी काम करणारा, ते आजवर कळलेलं नाही.

पॅचच्या पुढं बऱ्याच खेपा झाल्या. लुंबिनी शंका काढायची, तनुजा कोरडी उत्तरं द्यायची. कामापलीकडं एक शब्द नाही. खरं सांगायचं तर सुरुवातीला लुंबिनी तिचं लिखाण दोनदा वाचायची, एकदा चुकांसाठी आणि एकदा हातासाठी. पॅच घेतला गेला तेव्हा पावसाळा संपत आला होता. त्या दिवशी लुंबिनीनं, एवढ्या वर्षांत कोणाला लिहिलं नव्हतं ते लिहिलं: काम चांगलं झालंय. पहिल्या खेपेपासूनच चांगलं होतं.

उत्तर आलं, "तवाच सांगायचं हुतं, ताई."

लग्नसराईत लोह्याला कोणाच्या तरी लग्नाला आलेली तनुजा पुढं नांदेडला आली. नागुबाईनं दार उघडलं आणि लेकीला हाक मारली, "कोन आलंय गं ही?"

"माझ्यासोबत काम करते, माय," लुंबिनी आतून येत म्हणाली. "चहा ठेव. मी दूध आणते."