तिघांसमोर आठ लांडगे

किल्ल्या बनवायच्या दुकानात येणारी माणसं बहुधा रडकुंडीला आलेली असतात. दार ओढून घेतलेलं, चावी आत राहिलेली, गॅसवर दूध तसंच. मास्तर त्यांना आधी स्टुलावर बसवायचा, पाणी द्यायचा आणि मग सावकाश विचारायचा, "कुलूप कुठल्या बनावटीचं?" तीस वर्षं त्याने हा धंदा केला. पण त्याला मास्तर म्हणत ते किल्ल्यांमुळे नव्हे. ते नाव रविवारच्या खेळातलं होतं.

रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून दुकानाच्या मागच्या खोलीत चार माणसं टेबलाभोवती बसायची. तिघांपुढे एकेक कागद, त्यावर आपापल्या वीराची ताकद, हत्यारं, किती जखमा सोसेल ते, सगळं आकड्यांत. चौथा मास्तर. दऱ्या, गुहा, राक्षस त्याने सांगायचे. आपला वीर काय करतो ते खेळणाऱ्यांनी सांगायचं. आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं. वीस पडला तर कमाल, एक पडला तर घात. ह्याला पोरखेळ म्हणणारे पुष्कळ होते, त्यात मास्तरची बायको पहिली. सोळा वर्षं न चुकता चाललेल्या गोष्टीला पोरखेळ म्हणणाऱ्याने आपली अक्कल एकदा तपासून घ्यावी, पण बायकोला हे कोण सांगणार!

लढाया बेतणं हे मास्तरचं खरं कसब. त्यासाठी एक जाड वही होती. राक्षस कितीही आडदांड असो, तिघांच्या तीन पाळ्या होतात तेव्हा त्याची एक होते, आणि तो मरतो. उलट पिटुकले दहा असले तर दहा घाव त्यांचे, आणि भलाभला वीर खाली जातो. म्हणून मास्तर ताकदीच्या आधी पाळ्या मोजायचा. किती घाव लागतील, किती हुकतील, तिसऱ्या फेरीला कोण किती जखमी असेल, सगळं पेन्सिलीने मांडायचा. शिवाय दोन गोष्टी तो कधी सोडत नसे. पळायला एक वाट ठेवायची. आणि धोका आधी दाखवायचा, गुहेच्या तोंडाशी हाडं पडलेली असायलाच हवीत. "न सांगता आलेला मार ही लढाई नाही, तो अपघात," असं तो म्हणायचा. एवढं झालं की फासा सगळ्यांसमोर टाकायचा आणि पडेल ते निमूट मानायचं.

खेळणाऱ्यांत एक बेकरीवाला होता, त्याचा वीर ढाल घेऊन सगळ्यांच्या पुढे उभा राहायचा. दुसऱ्या ग्रंथपालबाई, त्यांची वैद्यीण जखमा बांधायची. आणि तिसरी मास्तरची थोरली बहीण, ताई. तिची तिरंदाज पहिल्या रविवारपासूनची. ताई टपालखात्यात पत्रांची वाटणी करायची. अर्ध्या गावाचे पत्ते तिला तोंडपाठ, आणि एकदा ऐकलेला आकडा विसरणं तिला ठाऊकच नव्हतं.

तिची नजर काचबिंदूने नेली. कडेकडेने कमी होत गेली, ना दुखलं ना खुपलं, आणि जिन्यात पाय चुकला म्हणून डॉक्टरकडे गेली तेव्हा करण्यासारखं फार उरलं नव्हतं. मास्तरला ह्याचाच फार राग होता. एवढी मोठी गुहा, आणि तोंडाशी एक हाड नाही. पण तो राग घेऊन जाणार कुणाकडे?

चार महिने ताई खेळायला आली नाही. मग एका रविवारी ताईची सूनबाई तिला दारापर्यंत सोडून गेली. ताईने खुर्ची चाचपली, बसली, म्हणाली, "फासा मी टाकणार. वाचायचा तू." त्या दिवशी तिच्या तिरंदाजणीला एका कड्यावरून उडी मारायची होती. ताईने फासा टाकला. तो बेकरीवाल्याच्या कोपरापाशी जाऊन थांबला. एक.

मास्तरने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडून निघालं, "चौदा."

ताई हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा हसली असेल. बेकरीवाल्याने फाशाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि दोघांनी मान खाली घातली. कोणी काही ठरवलं नाही, पण त्या दिवसापासून तिघेही त्या खोटेपणात होते.

पुढे मास्तर त्यात तरबेज झाला. संशय नको म्हणून किरकोळ वेळी तो तिला तीन सांगायचा, दोन सांगायचा. मोठ्या वेळी मात्र आकडा वर सरकायचा. पण खोटं बोलून हिशेब जुळत नाही. ताईचे बाण लागायला हवेत त्याहून जास्त लागू लागले, शत्रू पटापट मरू लागले, लढाया पचपचीत झाल्या. मग वही सांभाळायला मास्तरने शत्रू वाढवले. लांडग्यांच्या लढाईत त्याने पाचाचे आठ केले. ताईच्या बाणांना ते आठ पुरले असते, पण लांडगे चावले बेकरीवाल्याच्या ढालवाल्याला. त्याचे फासे खरे होते. नऊ वर्षं खेळवलेला तो वीर तिसऱ्या फेरीला मेला. "चला, पावासारखे तुकडे झाले माझ्या वीराचे," असं म्हणून बेकरीवाला हसला आणि दोन रविवार फारसं बोलला नाही. मास्तरला आपली लाज वाटली. तरी त्याने काही कबूल केलं नाही.

वर्ष झालं आणि एका रविवारी खेळ संपल्यावर ताई जागची उठली नाही.

"चारशे सात वेळा फासा टाकलाय मी परत आल्यापासून," ती म्हणाली. "वीसेक वेळा तरी एक पडायला हवा होता. किती वेळा पडला?"

मास्तरने वही मिटली.

"दोन पडला. तीन पडला. एक कधीच नाही. तुझ्या जिभेला तो शब्द उच्चारवला नाही, नाही का रे?"

"ताई, मला वाटलं..."

"तिघांसमोर तू आठ लांडगे ठेवलेस. मी तुझा हात ओळखते. तू पाच ठेवले असतेस. वरचे तीन माझ्या खोट्या फाशांसाठी होते, आणि त्यांनी ह्यांचा माणूस खाल्ला."

बेकरीवाला पुटपुटला, "ताई, माझं जाऊ द्या हो."

"का जाऊ द्या? तुम्हाला दिसत होतं. तुम्हा सगळ्यांना दिसत होतं." तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "घरी कप माझ्या हातात ठेवतात. गॅसजवळ जाऊ देत नाहीत. पडेन म्हणून चालू देत नाहीत. इथे मला हरता येत होतं, तेवढंच एक उरलं होतं. तेही तू काढून घेतलंस."

ती निघून गेली. पुढचे सात रविवार तिची खुर्ची रिकामी राहिली.

मास्तरने फोन केला, तिने घेतला नाही. माफीचे शब्द तो रोज जुळवायचा आणि रोज मोडायचा. शेवटी त्याने हातांना कामाला लावलं. पितळेचा एक गोळा आणला आणि त्याला वीस बाजू पाडायला बसला. प्रत्येक बाजूवर खुणा कोरल्या, पाचासाठी एक रेघ, एकासाठी एक टिंब. सतरा म्हणजे तीन रेघा, दोन टिंबं. वीस म्हणजे चार रेघा. पितळ अशासाठी की फासा जड असला म्हणजे बोट लागून कलंडत नाही. पण खोदकाम जास्त तिथे पितळ कमी, आणि फासा एका अंगाला झुकतो. पहिला फासा बाद झाला. दुसराही. तिसरा त्याने गिऱ्हाइकं सांभाळत काउंटरवर दोन हजार वेळा टाकला आणि प्रत्येक वेळी वहीत खूण केली. वीसही बाजू साधारण सारख्या पडल्या, तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला.

तो घेऊन तो ताईकडे गेला. सूनबाईने चहा आणला, तो अर्थात हातात ठेवला. मास्तरने कप काढून घेतला आणि तिथे फासा ठेवला.

ताई बराच वेळ बाजू चाचपत राहिली. विचारलं एवढंच, "एक कुठाय?" आणि उत्तराची वाट न पाहता शोधायला लागली. एकेक बाजू बोटाखालून गेली. एका बाजूवर बोट थांबलं.

"आहे," ती म्हणाली.

त्या रविवारची लढाई मास्तरने कोऱ्या पानावर बेतली, खऱ्या आकड्यांवर. दरीवर साखळ्यांचा पूल. बेकरीवाल्याचा नवा वीर आणि बाईंची वैद्यीण पलीकडे तिघा शत्रूंच्या तावडीत, तिरंदाज अलीकडे. मास्तरने काही लपवलं नाही.

"फळ्या कुजल्यात. दोन आत्ताच खाली गेल्या, पडल्याचा आवाज आला नाही. तुझ्या मागची वाट मोकळी आहे. पाचाच्या वर पडला तर पार होशील. एक पडला तर पूल तुटेल."

"मागची वाट मोकळी आहे," ताईने पुन्हा म्हटलं. "बरं. मी पुढे जाते."

फासा टेबलावर ठेवलेल्या ताटलीत घणघणत थांबला. ताईने त्यावर हात ठेवला. आता त्या हाताखाली काय आहे ते टेबलावर फक्त तिला कळणार होतं. तिने नऊ म्हटलं असतं तर कोणी हात उचलून पाहिलं नसतं, आणि तिघांचीही मनोमन तीच प्रार्थना चालली होती. तिचं बोट एकदा फिरलं. पुन्हा एकदा फिरलं.

"एक," ती म्हणाली.

"ताई, रेघ असेल, नीट बघा," बेकरीवाला म्हणाला.

"टिंब आहे." तिने हात उचलला. सगळ्यांनी पाहिलं.

मास्तरने ते पडणं आवरतं घेतलं नाही. साखळी कशी सुटली, धनुष्य हातातून कसं गेलं, पलीकडच्यांनी काय पाहिलं, सगळं सांगितलं. मग सोळा वर्षांचा तो कागद पुढ्यात ओढून त्यावर आडवी रेघ मारली. रेघ वाकडी आली आणि त्याने नाक ओढलं.

"रडतोयस?" ताईने विचारलं.

"हो."

"रड. मीही रडणार आहे, घरी जाऊन." तिने डोळ्यांवरून हात फिरवला. "पण माझ्या हातून गेली रे ती. वर्षभरात पहिल्यांदा काहीतरी माझ्या हातून गेलं."

पलीकडे दोघे अजून लढत होते. पाळी शत्रूची होती. मास्तरने तोच पितळी फासा उचलला, टाकला, आणि न बघता ताटली ताईपुढे सरकवली.

"वाच," तो म्हणाला.